कोणाच्या पाठीवरून आलं?

उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर माझी ड्युटी होती. हवा बिघडली की हेलिकॉप्टर विसरायचं. खालच्या बेसवरून लिंक पार्टी रेशन पाठीवर घेऊन चढायची आणि शेवटच्या कड्यावरून आम्ही ते दोरानं वर ओढायचो. जेवणाआधी सुभेदार साहेब रोज विचारायचे, "किसकी पीठ पर आया?" आणणाऱ्याचं नाव सगळ्यांनी ओरडायचं, मगच पहिला घास. डाळ कच्ची असली तरी कुरकुर करायची कोणाची हिंमत नव्हती.

लिंक पार्टीतला लान्स नायक दिनकर आपल्याकडच्या बीबी गावचा. वायरलेस सेटवर आमची वऱ्हाडी ऐकून पंजाबी ऑपरेटर डोक्याला हात लावायचा.

एकदा बर्फ थांबेचना. रॉकेल संपलं. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळत नाही, म्हणजे प्यायला पाणी नाही. आमच्यातले दोघं आधीच आजारी पडून आडवे झाले होते. दुपारी सेट खरखरला.

"दिनकर, कुठी हायेस बे? ओव्हर."

"कड्याखाली. चहाचं भांडं काढून ठेव. ओव्हर."

त्यानं रॉकेलचा जेरीकॅन दोराला बांधून झटका दिला. आम्ही ओढला. कॅन हातात आला आणि खालच्या उतारावरचा सगळा बर्फ घसरला. सेटवर हाका मारल्या. उत्तर नाही. दिनकर सापडला तो दुसऱ्या दिवशी, गेलेला.

कॅन आला त्याच संध्याकाळी स्टोव्ह पेटला, चहा झाला, पण मगाला कोणी हात लावेना. साहेबांनी फाटक्या आवाजात तोच प्रश्न विचारला. आम्ही नाव घेतलं आणि प्यालो. मी रडत प्यालो.

आता मी निवृत्त होऊन मोताळ्यात घरी मजेत आहे. नात परी दुसरीत. ताट पाहिलं की तोंड वाकडं, "आज बी भाकरच?" सूनबाई पहाटेपासून राबते, तिचा चेहरा उतरायचा. माझं डोकं तापायचं, पण धाक दाखवून हे शिकवता येत नाही. मी साहेबांचा प्रश्न घरात सुरू केला. पहिल्या दिवशी परीबाईसाहेब म्हणाल्या, "फ्रिजच्या!" हसता हसता मला ठसका लागला. मग हळूहळू आईचं नाव आलं, गिरणीवाल्या रफिकचाचाचं आलं. परवा तर तिनं गिरणीत जाऊन सांगितलं, "चाचा, कालची भाकर लय मस्त झाल्ती." चाचा दिवसभर खुशीत होते.

काल जेवताना परीनं घास हातातच धरला.

"आबाजी, मिलिटरीतून तुमी घरी कोणाच्या पाठीवरून आले?"

मी हातातली भाकर ताटात ठेवली.

"दिनकरच्या."

"दिनकर!" ती मोठ्यानं ओरडली, आणि मग घास खाल्ला.