बाबांनी काढून टाकलेली मुखपृष्ठं

माझ्याकडे जुन्या ब्रिटिश बालसाप्ताहिकांची पाचशे सत्तर मुखपृष्ठं आहेत. हे मी फुशारकीनेच सांगतेय, उगाच विनय कशाला? इथे हिंदी मुलखात, माधव नगरातल्या आमच्या घरी पाहुणा आला तर त्याला गादी जमिनीवर मिळते, पण मुखपृष्ठांसाठी सपाट खणांचं सागवानी कपाट आहे. नवरा म्हणतो, "लोक सोनं जमवतात, तू रद्दी." मी म्हणते, "सोनं बघून हसलंय का कुणी कधी?"

हे वेड मला दहाव्या वर्षी लागलं. बाबा इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम नोकरी सोडून कायमच्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या मुलाचे जुने चोवीस अंक माझ्यासाठी बाबांच्या हाती दिले. मला तेव्हा इंग्रजी कुठलं यायला? चित्रकथांच्या फुग्यांतलं अक्षर कळत नव्हतं. पण मुखपृष्ठं! रोज दुपारी शाळेतून आल्यावर मी ती जमिनीवर मांडून बसायची. नाताळच्या अंकात साप्ताहिकाच्या नावावर, प्रत्येक अक्षरावर बर्फ साचलेलं असायचं. मला वाटायचं, कुणीतरी श्रीखंड सांडलंय. एकावर बटाट्याच्या लगद्याच्या डोंगरात सॉसेज खोचलेले होते, ते मी भातात खोचलेली भेंडी समजत होते. आणि नोव्हेंबरच्या अंकावर फटाके! मी आईला ओरडून सांगितलं होतं, "आई गं, इंग्रज पण दिवाळी करतात!" त्यांचा तिकडे फटाक्यांचा वेगळाच सण असतो, हे फार उशिरा कळलं.

त्या वर्षी वाढदिवसाला बाबांनी मला एक जाडजूड पुस्तक दिलं. लाल कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव. "नीट करून देतो" म्हणून माझ्याकडून नेलेले चोवीस अंक त्यांनी स्वतःच्या हाताने, आठ रविवार बसून, शिवून बांधले होते. मी उघडलं. पहिलं पान दुसरं होतं, म्हणजे अंकाच्या आतलं. पुढे उलटलं, उलटलं, शेवटपर्यंत उलटलं. एकही मुखपृष्ठ नव्हतं.

लायब्ररीत तेव्हा तसाच रिवाज होता. वर्षभराची मासिकं बांधायला घेतली की आधी मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढायची, मग आतला मजकूर शिवायचा. मुखपृष्ठाचा कागद जाड, तो शिवणीत नीट बसत नाही, खंड फुगतो. बाबांनी घरीसुद्धा अगदी नियमाने काम केलं होतं, आणि काढलेली मुखपृष्ठं रद्दीत गेली होती. मी ते पुस्तक फेकलं. "माझी चित्रं कुठायत?" म्हणून जे भोकाड पसरलं ते शेजारच्यांनी ऐकलं. बाबा गोंधळून म्हणाले, "अगं, ते तर वरचं वेष्टन. खरं तर आत असतं ना!" पाच दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. सहाव्या दिवशी बोलले, पण राग काही गेला नाही. राग आमच्या घराण्यात वारशाने येतो आणि व्यवस्थित जपला जातो.

पुढे बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी मोठी झाली. इंटरनेट आलं तेव्हा एका रविवारी सहज शोधलं, आणि स्क्रीनवर ते बर्फाचं श्रीखंड दिसलं. बस्स, त्या दिवसापासून मी थांबलेच नाही. चोवीसच्या चोवीस परत मिळवायची, असा हट्ट धरला. ती शोधता शोधता बाकीची जमत गेली.

आता मला त्यांतलं कळतं, आणि उगीच नाही कळत. अंकाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा असतो. तिकडचा पेपरवाला घराचा नंबर लिहून ठेवायचा. मोठमोठे संग्राहक त्याला डाग म्हणतात, मला तोच आवडतो. एकदा मी चार मुखपृष्ठं घेऊन भैरवगढला गेले, कापडावर ठप्पे मारणाऱ्या एका वयस्कर काकांकडे. त्यांनी एका चित्रावर बोट न टेकवता बोट फिरवलं आणि म्हणाले, "दीदी, इसका लाल सरक गया है. देखो, टोपी का रंग सिर के बाहर." खरंच की! काळी रेघ एकीकडे, लाल रंग केसभर दुसरीकडे. ते म्हणाले, आमच्याकडेही प्रत्येक रंगाचा ठप्पा वेगळा, हात जरा हलला की असंच होतं. तेव्हापासून मी मुखपृष्ठाचा रंग आधी कडेला बघते. एवढ्या वर्षांत कुणी मला चांगलं शिकवलं असेल तर त्या काकांनी.

टॉवर चौकातला फ्रेमवाला मात्र मला घाबरतो. त्याने एकदा विचारलं होतं, "मॅडम, लॅमिनेशन कर दूँ? चकाचक हो जाएगा." मी असं काही बोलले की आता मी दुकानात शिरले की तो मशीनवर फडकं टाकतो.

गेल्या वर्षी चोविसावं मुखपृष्ठ मिळालं. तेच, भेंडीवालं. मी ते घेऊन बाबांच्या खोलीत गेले. बाबा आता सत्त्याऐंशीचे आहेत, माझ्याकडेच असतात, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. खरं सांगायचं तर मला हा सगळा खटाटोप करून त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं: मुखपृष्ठ काढलं ते चुकलं माझं. ते जाण्याआधी एकदा ऐकायचं होतं. मी चोवीस मुखपृष्ठं त्यांच्या पलंगावर मांडली. त्यांनी चष्मा लावून एकेक पाहिलं, सावकाश. मग म्हणाले, "छान जमवलीस." मी वाट बघत उभी. "आता चहा टाक," म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. चहा टाकला, पण साखर घातली नाही.

या वर्षी आमच्या भागातल्या सभागृहात मी तीन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. पहिल्याच दिवशी इतकी गर्दी, की बँकेतल्या जुन्या मैत्रिणी दाराशी उभ्या राहून लोकांना रांगेत सोडत होत्या. माझी तर छाती फुगून आली. बाबांना मी खुर्चीवर मध्यभागी बसवलं होतं. लोक त्यांना विचारत, "काका, तुम्हीच लावलं का हे वेड?" ते नुसते हसत. मला वाटलं, आता सांगतील, आता तरी सांगतील. कसलं काय! संध्याकाळी "पाय दुखून राहिले," म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. प्रत्येक चौकटीपुढे हात मागे बांधून थांबत होते. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "आप लायब्रेरियन साहब की बिटिया हो ना? मैं वहाँ दफ्तरी था." म्हणजे बाबांच्या लायब्ररीत पुस्तकं बांधायचं काम करणारे. मी त्यांना खुर्ची दिली. हसत हसत, जरा टोचूनच म्हटलं, "तुम्हीच ना ती मुखपृष्ठं फाडायचे?"

"पहले फाड़ते थे," ते म्हणाले. "फिर एक दिन साहब आए और बोले, आज से एक भी कवर नहीं निकलेगा. घर में बच्ची बहुत रोई है."

ते आपले सांगत गेले. मुखपृष्ठांसकट शिवायचं तर दुप्पट मेहनत, म्हणून सुरुवातीला त्यांनीच कुरकुर केली. मग बाबा स्वतः सुई घेऊन शेजारी बसायला लागले. खंड फुगतात, कपाटात मावत नाहीत, नियमात बसत नाही, म्हणून वरून मेमो आला. बाबांनी त्याला एका ओळीचं उत्तर लिहिलं होतं, ते या म्हाताऱ्याला अजून पाठ होतं: "मुखपृष्ठ अंक का ही हिस्सा है. निकालना हमारी भूल थी."

प्रदर्शन मैत्रिणींवर सोडून मी रिक्षाने थेट कॉलेजात गेले. तिथल्या आत्ताच्या ग्रंथपालबाई भल्या, त्यांनी मागचं दालन उघडून दिलं. धूळ ही एवढी. प्रत्येक खंडाच्या शेवटच्या पानावर बाबांच्या अक्षरात बांधणीची तारीख होती. माझ्या दहाव्या वाढदिवसाच्या आधीचे खंड उघडले: थेट अनुक्रमणिका. नंतरचा पहिला खंड उघडला. जानेवारीचं मुखपृष्ठ. फेब्रुवारीचं. मार्चचं. मराठी, हिंदी, इंग्रजी, शेतीविषयक, आरोग्यविषयक, होमिओपॅथीचंसुद्धा! कपाटामागून कपाट, बाबा निवृत्त झाले त्या वर्षापर्यंत, एकही मुखपृष्ठ गाळलेलं नव्हतं. मी स्टुलावर बसून उलटत राहिले आणि डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून पदर तोंडावर धरून ठेवला.

घरी आले तेव्हा बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, मी लायब्ररीत जाऊन आले. मागच्या दालनात."

पेपर खाली आला. "वाळवी नाही ना लागली?"

"नाही. सगळी मुखपृष्ठं जिथल्या तिथे आहेत." मग माझा आवाज चढलाच. "मला का नाही सांगितलंत कधी? अहो, एवढी वर्षं मी तुमच्यावर दात धरून बसले!"

"तुला काय सांगणार?" ते म्हणाले. "तुझी तर गेलीच होती ना. सांगून परत आली असती का?"

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, चांगली सत्तावन्न वर्षांची बाई. ते थोपटत राहिले आणि म्हणाले, "पुरे, पुरे, शेजारी ऐकतील."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सभागृहाच्या दाराशी ठळक अक्षरांत एक पाटी लावली: याहून कितीतरी मोठा संग्रह बघायचा असेल, तर कॉलेजच्या लायब्ररीत मागच्या दालनात जा. तो माझ्या वडिलांचा आहे.