बारमाहीचा हट्ट

उत्तर मिशिगनमध्ये लाकडं वाहणारे ट्रक हाकण्यात आर्विड लाहतिनेनचा जन्म गेला. दर हिवाळ्याआधी गाडीचे टायर बदलून बर्फाचे खास टायर चढवण्यात त्याने कधी हयगय केली नाही; न बदलणाऱ्यांना तो तोंडावर मूर्ख म्हणे. म्हणून यंदा त्याने बारमाही टायर मागितले, तेव्हा दुकानदार रॉय त्याच्याकडे बघतच राहिला.

"काका, हे नुसते नावाचे बारमाही. कडाक्याच्या थंडीत लाकडासारखे टणक होतात. एल्माकाकूंना दवाखान्यात न्यायचंय ना?"

"उन्हाळ्यातही न्यायचंय," आर्विड खेकसला. "बसव मुकाट्याने."

पहिला बर्फ पडला. गावच्या रिवाजाप्रमाणे त्याने गाडी चर्चच्या रिकाम्या आवारात नेली आणि टायरच्या पकडीचा अंदाज घ्यायला कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबायचं नाव घेईना. घसरत घसरत ती कुंपणाला जाऊन टेकली.

शेजारी बसलेल्या एल्माने मांडीवरची शाल सारखी केली. ती वसंत तरी बघेल याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. ते तिनेही ऐकलं होतं.

"हिवाळ्यापुरतेच घ्यायचेस ना रे," ती म्हणाली. "तेवढ्यात भागलं असतं."