गाडीचा एसी आणि सासूबाईंचा ज्वालामुखी

आमच्या घरात त्या उन्हाळ्यात दोन पक्ष होते. एसी दुरुस्त करा म्हणणारा एक, आणि काढून फेका म्हणणारा दुसरा. पहिल्यात हे, दुसऱ्यात मी. लेक आठ वर्षांची. ती आइस्क्रीम देईल त्याच्या पक्षात.

एसी घरातला नव्हे, गाडीतला. नव्वदच्या दशकात ह्यांच्या बँकेने आम्हाला जपानला धाडलं. उरायासुच्या दोन खोल्यांत जेमतेम रुळतोय तोच ह्यांनी एक जुनी कॅम्पिंग कार घेतली. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं एवढंसं घर. आत ओटा, शेगडी, रात्री पलंग होणारी बाकं आणि तपकिरी फुलांचे पडदे. माझ्या लग्नाच्याही आधीची गाडी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं, "अहो, ही चालते, की नुसती राहायला आहे?" हे आठवडाभर रुसले होते.

पण गाडी घेतली होती ती सासूबाईंसाठी, त्यामुळे मी फार बोलू शकत नव्हते. त्या पुण्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. तीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढला, लाल खडूने लाव्हा, पांढऱ्याने धूर, आणि खरा ज्वालामुखी कधी बघितला नाही. लेकाची बदली जपानला झाली म्हटल्यावर लोकांच्या आया साड्या मागतात, घड्याळं मागतात. ह्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "तिकडे धूर सोडणारा डोंगर असतो ना रे? तेवढा दाखव."

दाखवायला अडचण नव्हती, आसामा पर्वत आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर धूर सोडत उभाच होता. अडचण होती ती सासूबाईंच्या नेमाची. चातुर्मासात त्या परान्न घेत नाहीत, म्हणजे घरचं सोडून बाहेरचा घास नाही. आणि सुट्टी मिळणार ती नेमकी ऑगस्टमध्ये. बरं, नेम बाजूला ठेवला तरी खाणार काय? इथल्या साध्या नूडल्सच्या रश्शातसुद्धा माशाचं पाणी. दशम्या बांधून ट्रेनने जावं तर स्टेशनांचे जिने, आणि त्यांचे गुडघे जिना बघूनच बोलायला लागायचे. म्हणून हे चालतं स्वयंपाकघर.

आता त्या स्वयंपाकघराचा एसी. डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेलं ते एक धूड होतं. गार हवा सोडायचं त्याने कधीच बंद केलं होतं, पण माझ्या पायांवर पाणी मात्र न चुकता गाळायचं. उरायासुचे गॅरेजवाले काका गाडीखाली जाऊन आले, हात पुसले आणि दातांमधून श्वास आत ओढून म्हणाले, "अवघड आहे." जपानात एवढं म्हटलं की समजावं, नाही म्हणतायत. पण ह्यांना आशा फार. खोदून खोदून विचारल्यावर काकांनी नीट सांगितलं. एसीतला जुना गॅस आता बंद होत चाललाय. तरी शोधून आणतो, दुरुस्त करतो. पण एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे बसते, इंजिनाला वारा लागू देत नाही, घाटात इंजिन तापणार. काढून टाकला तर घाट चढेल, पण सपाटीवर आत भट्टी.

"भट्टीत आईला बसवायचं नाही," हे म्हणाले. त्यालाही कारण होतं. आदल्या वैशाखात सासूबाई बँकेच्या रांगेत भोवळ येऊन पडल्या होत्या, आणि उन्हाला जपा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "एसी नाही तर प्रवास नाही. विषय संपला."

"आणि घाटात गाडी बंद पडली की? भर उन्हात रस्त्याच्या कडेला त्यांना छत्रीखाली उभं करणार?"

"तुला पहिल्यापासून गाडी आवडत नाही."

"गाडी आवडते. गळकं आवडत नाही."

असं महिनाभर चाललं. मी वरवर तोंड चालवत होते, पण मनातून पार घाबरले होते. परदेशात सासूला काही झालं तर लेकाला कोणी विचारत नाही, सुनेला विचारतात. आणि आणखी एक होतं. त्यांचे गुडघे, त्यांचं वय, इतका लांबचा विमानप्रवास. त्या पुन्हा येणार नव्हत्या, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. ज्वालामुखी बघायचा तर ह्याच खेपेला, नाहीतर राहिलाच.

सासूबाई आल्या. दोन दिवस मायलेकाचं गूळपीठ चाललं. तिसऱ्या दिवशी आम्ही खालच्या आवाजात एसीवरून भांडत असताना त्या ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. विळी जपानला आणता येत नाही म्हणून सुरीवर चिडलेल्या होत्याच. सुरी ठेवून म्हणाल्या, "मला कुणी विचारणार आहे का?"

खरंच, महिनाभरात विचारलं नव्हतं.

"तो डोंगराचा पायथा किती उंचीवर आहे?"

ह्यांनी नकाशा काढला. हजार मीटरच्या वर होता.

"मग? दर एकशेसाठ मीटरला एक अंश कमी. सातवीच्या मुलीला येतं हे. वर एसी लागत नाही. आणि सपाटी उन्हं वर यायच्या आत ओलांडायची. काढून टाका ते यंत्र."

"आई, पण तुला त्रास झाला तर..."

"अरे, झाला तर झाला. एसी लावून उरायासुत बसायला मी आले नाही." आणि पुन्हा भाजी चिरायला लागल्या. माझा पक्ष जिंकला, पण मला काही आनंद झाला नाही.

काकांनी एसी काढला. सगळे भाग वर्तमानपत्रावर क्रमाने मांडून ह्यांना दाखवले. हे तोंड पाडून बघत राहिले. डॅशबोर्डला पडलेलं भगदाड ह्यांनी प्लायवुडची फळी ठोकून बुजवलं आणि वर काळा रंग दिला. चकचकीत आणायचा तो आणला खरबरीत. सासूबाई गाडी बघायला खाली उतरल्या, ती फळी बघितली आणि हसल्याच. "अगं बाई, फळा!" लेकीकडे रस्त्यावर घरं आखून खेळायचे खडू होते. तिच्याकडून एक मागून घेतला आणि उभ्या उभ्या डोंगर काढला, तोंडातून सरळ वर जाणारा धूर. रेघ अजून पक्की.

पहाटे निघालो. सपाटी झकास गेली. घाटाच्या पायथ्याशी थांबून मी मुगाची खिचडी टाकली, त्यांनी वर तूप मागून घेतलं. मग चढ लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकायला लागला.

हे गाडी कडेला घेऊन घाम पुसत बसले. काकांनी एक उपाय सांगून ठेवला होता: इंजिन फारच तापलं तर गाडीचा हीटर पूर्ण सोडा, इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. आत, म्हणजे आमच्या अंगावर. ऑगस्टमध्ये.

"परत फिरू या," हे म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. "आई, मला नाही बघवणार."

खरं सांगते, मलाही परतच फिरायचं होतं.

सासूबाईंनी पंचा पाण्यात बुडवला, डोक्यावर घेतला, खिडकी पूर्ण उघडली. "लाव हीटर."

काय सांगू त्या घाटाचं! एसीवरून महिनाभर डोकी फोडली, आणि शेवटी त्याच माउलीच्या पायांवर धगधगता हीटर. मी मागून त्यांच्या पंच्यावर पाणी ओतत होते आणि सारखी विचारत होते, "आई, बऱ्या आहात ना?" त्या डोळे मिटून बसलेल्या, चेहरा लालबुंद. लेक नकाशावरून उंची वाचायची, की त्या डोळे न उघडता सांगायच्या, "एक अंश उतरला. आणखी एक उतरला." तेवढ्या आवाजावर मी जीव धरून होते. मग एका वळणानंतर खिडकीतून आलेला वारा खरोखरच गार होता. लेक किंचाळली, "सुझुशीऽऽ!" आजीने विचारलं, म्हणजे काय. "गार गं, आजी, गार!" ह्यांनी हीटर बंद केला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

आसामा समोर होता. पायथ्याशी जुन्या लाव्ह्याचे काळे दगड मैलभर पसरलेले, आणि वर पांढरा धूर. सासूबाई माझा हात धरून दगडांपर्यंत गेल्या. एका दगडावर तळवा ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. नुसत्या वर बघत होत्या. डोळ्यांना धार लागली होती, ती पुसतही नव्हत्या.

गाडीत येऊन बसल्यावर त्यांनी ओल्या पंच्याच्या टोकाने फळीवरचा धूर पुसून टाकला. लेकीकडून खडू घेतला आणि नवा काढला, एका बाजूला वाकलेला, डोंगराच्या खांद्यावरून खाली जाणारा.

"तीस वर्षं सरळ काढला गं," त्या म्हणाल्या. "वर वारा असतो, एवढं शिकवलं, आणि चित्रात मात्र कधी आणला नाही."

"आई, त्यात काय एवढं?" हे म्हणाले.

"एवढं कसं? किती पोरी अजून तो सरळ धूर डोक्यात घेऊन संसार करत असतील." मग माझ्याकडे वळल्या. डोक्यावर ओला पंचा, हातात खडू. "चल, निदान तुझ्यापासून सुरुवात करते. काय शिकलीस?"

"धूर वारा नेईल तिकडे जातो, बाई," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत आई सोडून मी त्यांना कधी दुसरी हाक मारली नव्हती. त्यांनी खडू लेकीच्या हातात दिला, माझ्या गालाला पांढरी बोटं लावली आणि ह्यांना म्हणाल्या, "चल रे, काढ गाडी."