तारेचं निम्मं टोक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. आज सांगतोय, कारण पोटात ठेवून ठेवून कंटाळा आलाय. खरंच, नुसता कंटाळा.

सत्तरच्या दशकात मी सांगलीत, विश्रामबागच्या एका कॉलेजात संशोधन करत होतो. काचेच्या नळीतली जवळजवळ सगळी हवा पंपानं काढायची आणि उरलेल्या हवेला मोठा व्होल्टेज द्यायचा, की नळी जांभळी-गुलाबी उजळते. त्या उजेडात इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. ते किती दाट आहेत हे मोजायला टंगस्टनची केसासारखी तार आत सोडलेली असते — प्रोब. तारेत येणारा करंट बघायचा आणि तारेचं जेवढं टोक उघडं, तेवढ्या क्षेत्रफळावरून हिशेब करायचा. सगळी भिस्त त्या टोकावर. त्याची लांबी चुकली की सगळंच चुकलं.

माझ्याबरोबर संपत होता, कडेगावचा. माझं झालं की त्याच नळीवर त्याचं काम. आधी त्यानं माझेच आकडे पुन्हा काढून दाखवायचे, तरच शिष्यवृत्ती पुढे चालू — असा आमच्या मार्गदर्शक सरांचा नियम.

तारेवर मळ बसतो. तो जाळायला व्होल्टेज वाढवून तार क्षणभर लाल करायची आणि लगेच तो खाली आणायचा. माझं काम संपलं त्या शनिवारी मला साताऱ्याला मुलगी बघायला जायचं होतं. एसटी चुकेल म्हणून घाई — बटण जास्तच फिरवलं गेलं. तार पांढरीफटक झाली आणि निम्मं टोक गळून पडलं. काच आतून काळवंडलेली, बाहेरून कुणाला दिसणार होतं? नळी उघडायची म्हणजे पुन्हा हवा काढण्यात दिवसच्या दिवस जाणार, वर सरांची बोलणी. मी दार ओढून घेतलं आणि स्टँड गाठलं. मुलीनं नकार दिला, ते सोडा.

सोमवारी संपतनं विचारलं, "टोक मोजलंयस न्हवं रं?"

"मोजलंय," मी म्हणालो. मोजलं होतंच की — तुटायच्या आधी! कळतंय ना तुम्हाला, मी काय केलं ते?

त्याचे आकडे माझ्या निम्म्यावर येऊ लागले. त्यानं बॅटरी बदलली, मीटर बदलला, काचेचा जोड अन् जोड तपासला. जेवायचं विसरायचा. "गड्या, माजंच कायतरी चुकतंय बघ," म्हणायचा. टोक तेवढं त्यानं तपासलं नाही. का तपासावं? मी सांगितलं होतं ना.

उद्या सांगू, असं रोज ठरवायचो. नुसती भीती होती का? नाही — आता खोटं कशाला बोलू? माझे आकडे बरोबर आणि त्याचे चूक, हे मला आवडायला लागलं होतं.

शेवटी सरांनी त्याला बोलावून सांगितलं, "तुझा हात प्रयोगाचा नाही." शिष्यवृत्ती बंद झाली. फलटणकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली. त्याची ट्रंक मीच स्टँडवर नेली. "लय केलंस माज्यासाठी," असं म्हणून तो गाडीत चढला. एसटी वळणाआड गेली आणि — हेच तर सांगायचं होतं — मला हायसं वाटलं. वाईट नाही. हायसं.

मग नळी धुवायचं निमित्त काढून मी गुपचूप तार बदलली. आकडे पहिल्यासारखे आले. सर म्हणाले, "बघ, हात बदलला की आकडे बदलतात." मी मान डोलावली.

वाटलं होतं, हे लिहिणं जड जाईल. नाही गेलं. उलट किती वर्षांनी मोकळा श्वास घेतोय. संपत अजून फलटणलाच असतो. छापलेलं हाती येईल ते वाचतो, असं ऐकतो. हेही वाचेल. वाचू दे.

संपत, तुझं काहीही चुकत नव्हतं. टोक मी तोडलं होतं.