बाबांच्या यानातली माणसं मराठी बोलायची

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या दारात जीप उभी होती आणि बाबा टपावरच्या सुटकेसची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होते. विमानतळावर यायला त्यांनी नकार दिला होता. आईने डोळ्यांना लावलेला पदर काढलाच नव्हता. जीप सुरू झाली तसे बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "मिलका, तिकडं सिनेमाला गेलीस तर पुढं बसू नको. मान दुखते." इस्रायलला कायमच्या निघालेल्या लेकीला दुसरं काही सांगायला त्यांना सुचलं नसावं.

आम्ही बेने इस्रायल, पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. बाबा जवळच्याच केमिकल कंपनीत शिफ्ट करायचे. सुट्टीच्या दिवशी व्हीसीआर भाड्याने आणून आमच्या पुढच्या खोलीत इंग्रजी सिनेमा लावायचे. प्रेमकथा त्यांना आवडत नसत. अंतराळयानं, परग्रहावरचे जीव, आग ओकणारे ड्रॅगन, जादूगार, असलंच सगळं. चटया टाकून आळीतली माणसं बसायची. इंग्रजी कुणालाच कळत नसे, बाबांनाही फारसं नाही. म्हणून ते टीव्हीशेजारी उभं राहून सगळ्यांची वाक्यं मराठीत सांगायचे. यानाचा कॅप्टन ओरडायचा, "अरे, डिझल संपत आला हाय, पयलं खाली उतरवा!" हिरव्या तोंडाचा परग्रहवासी विचारायचा, "आमचं पानी तुमी कशाला नेता?"

शेजारच्या पार्वतीकाकूंनी एकदा विचारलं, "शिमशोनभाऊ, ह्यांच्यात भात कोण शिजवतं?"

"स्वैपाकी हाय," बाबा म्हणाले. "पन तो मागं असतो, दिसत नाय."

इस्रायलच्या वाळवंटातल्या दिमोनाला आल्यावर त्यातला एक सिनेमा मी पुन्हा पाहिला, खाली हिब्रू अक्षरं होती. तोवर ती वाचण्याइतकी शिकले होते. कॅप्टन नुसते आकडे बोलत होता. बाबांचाच सिनेमा चांगला होता, हे माझं मत आजही बदललेलं नाही.

मी इथे वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं. घरी आले की पाय बादलीत बुडवून विज्ञानकथा बघते, नाहीतर मुलीच्या कन्सोलवर एखादा गेम खेळते. इतकी वर्षं बघून काही मतं झाली आहेत. तुम्ही तिकडेच राहिला असाल किंवा माझ्यासारखे निघून आला असाल, तुम्हाला ती पटतात का बघा.

यान प्रकाशापेक्षा वेगाने जातं, हे मी मानते. पण परग्रहावर उतरल्या उतरल्या कानात यंत्र घालून सगळ्यांना सगळ्यांचं कळतं, हे मानत नाही. इथल्या बाजारात कोथिंबीर मागायला मला पहिला हिवाळा लागला. गेममध्ये नकाशावर बोट ठेवलं की माणूस दुसऱ्या गावात पोचतो, सामानासकट आणि न थकता. ते बटण दाबताना मला दर वेळी हसू येतं. ड्रॅगनच्या कथांत गरीब घरचा पोरगा शेवटी राजाच निघतो, तेही मला आवडत नाही. आणि शहरंच्या शहरं जळतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात, ते सिनेमे मी बंद केले. इथे रॉकेटहल्ल्याचा भोंगा वाजला की आम्ही म्हाताऱ्यांच्या खुर्च्या ढकलत आतल्या खोलीत नेतो. पडद्यावर जळणारं शहर कुणाचंही असो, तिथल्या एखाद्या खोलीत अशीच खुर्ची कुणीतरी ढकलत असणार.

आई गेली आणि बाबा एकटे राहिले. आमच्यातले बहुतेक आधीच निघून गेले होते. मी हट्टाने बाबांना इकडे आणलं. घरात कंटाळतात म्हणून कामावर सोबत न्यायचे. तिथे अलिबाग-पेणकडच्या आमच्याच काही म्हाताऱ्या होत्या. एका दुपारी मोठ्या खोलीत अंतराळाचा सिनेमा लागला आणि बाबा उठून पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले.

"ह्यो कॅप्टन म्हनतो, मी काय परत जात नाय!"

त्या म्हाताऱ्या खदखदून हसल्या. दोघी तर टाळ्या देत होत्या. पण मोरोक्कोकडच्या बायकांना सिनेमा ऐकायचा होता, त्यांनी तक्रार केली. व्यवस्थापक बाई आली आणि ओठांवर बोट ठेवून तिने बाबांना खुर्ची दाखवली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाबा बसले. मी दाराशी चादरी घेऊन उभी होते.

त्यानंतर ते माझ्याबरोबर यायचे बंद झाले. खिडकीत बसून रिकाम्या वाळूकडे बघत राहायचे. एका सकाळी चहा देताना म्हणाले, "मिलका, मला परत पाठव."

"तिकडं कोण हाय तुमचं, बाबा?"

"कोण नाय. पन मी बोललो तर गप बस असं कोण म्हनत नाय."

मी भांडले. औषधं कोण देईल, पडलात तर उचलेल कोण, सगळं विचारलं. दिवसभर दुसऱ्यांचे वडील सांभाळते, माझे मला सांभाळता येऊ नयेत? ते शांतपणे म्हणाले, "तू दमलीस गो." मग भांडायचं बळच उरलं नाही. मी त्यांना परत पाठवलं.

आता पार्वतीकाकूंची सून त्यांना दोन्ही वेळचं जेवण देते. भातशेती होती तिथे इमारती उभ्या राहिल्यात, संध्याकाळी ते तिथल्या बाकावर बसतात म्हणे. मी दर शुक्रवारी शब्बाथचा विसाव्याचा दिवस लागण्याआधी फोन करते.

परवा त्यांनी विचारलं, "कधी येतेस?"

"सुट्टी मिळाली की रोह्याला येईन," मी म्हणाले.

एरवी मी 'घरी येईन' म्हणायचे. बोलून गेल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं. बाबांनाही आलं असणार. मला वाटत होतं, एक घर सुटलं की दुसरं आपोआप तयार होतं. दिमोनाला मी अजून घर म्हणत नाही, आणि रोह्याला म्हणायची सवय कधी मोडली ते कळलंही नाही.

"ये," बाबा म्हणाले. "रोहा काय लांब नाय."