श्रावणात सगळं धरून तीन दिवस

ज्या महिन्यात आमच्या घरात मासळीचं नावसुद्धा काढत नाहीत, त्याच महिन्यातलं तीन दिवसांचं, हवं तितकं मासळीचं जेवण मी आगाऊ पैसे भरून विकत घेतलं होतं. हा मूर्खपणा माझा एकटीचा. नवऱ्याला त्यात ओढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण पावतीवर सही माझी होती.

परवा नातीने मोबाइलवर एका रिसॉर्टचे फोटो दाखवले. राहणं, खाणं, पिणं, सगळं धरून एकच आकडा. एवढे पैसे घालण्यासारखं आहे का ते, असं तिने मला विचारलं. मी उलट विचारलं, तारीख राहू दे, तिथी कोणती? ती हसली. हसू दे. तिच्या आईच्या वयाची असताना मीही अशीच हुशार होते.

तेव्हा गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती. कोंकणी राजभाषा झाली होती, आणि आमच्या घरी येणारेजाणारे मराठीच्या बाजूने तावातावाने भांडत, तेही कोंकणीतून. मी डिचोलीच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. दोन्ही बाजूंची निवेदनं इंग्रजीत टाइप करत असे. नवरा खाणीवर, ट्रक तोलायच्या काट्यावर. पावसाळ्यात खाण बंद, म्हणजे जून उजाडला की हा गृहस्थ सोप्यावर पाय पसरून बसलेला. तासातासाला चहा, आणि मधल्या वेळात "आज जेवणाला काय?" पहाटे उठून मी दोन वेळचं रांधायचं, दोन्ही मुलांचे डबे भरायचे, बस पकडायची, संध्याकाळी येऊन लुगडंही न बदलता पुन्हा चुलीपाशी. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्यात लागोपाठ तीन दिवस मी रांधलं नाही, असं फक्त दोन बाळंतपणांत घडलं होतं. मला समुद्राची काही ओढ नव्हती. तीन दिवस माझ्यापुढे कुणीतरी ताट आणून ठेवावं, एवढंच हवं होतं.

अशात कचेरीतल्या एकीने मोरजीच्या एका नव्या हॉटेलचा रंगीत कागद आणला. पावसाळ्यातला सवलतीचा दर, सगळं धरून. कागदावर एक कासव होतं आणि एक गोरी बाई आडवी पडली होती. कासवापेक्षा मला त्या बाईचा हेवा वाटला.

नवऱ्याला विचारलं तर तो सोप्यावरून न उठता म्हणाला, "दर्या आमचो, नुस्तें आमचें, आनी पैसे तांकां कित्याक?" मासळी आपली, मग पैसे त्यांना कशाला.

त्यावर मी जे व्याख्यान दिलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. दुपारी इसवण, रात्री सुंगटं, सकाळी पुन्हा वेगळं काही. हे सगळं म्हापशाच्या बाजारातून आणायचं तर काय भाव पडेल, ते मी त्याला मासळीचं एकेक नाव घेऊन पटवलं. माझ्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी दुपारीच पैसे वसूल होत होते. त्यापुढचं राहणं, आइस्क्रीम आणि समुद्र फुकट. माझा सगळा युक्तिवाद मासळीवर उभा होता. नवरा मासळीचा भक्त. शेवटी म्हणाला, "जाय तें कर." हवं ते कर.

तारखा मी कचेरीतल्या कॅलेंडरवर बघितल्या. त्यावर फक्त सरकारी सुट्ट्या लाल रंगात. स्वातंत्र्यदिन शनिवारी, मग रविवार, पुढे सोमवारी एक रजा आणि परतायला मंगळवारी दुसरी टाकली की झालं. तिथ्यांचं कॅलेंडर घरी स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेलं होतं. रोज त्याच्यासमोर उभी राहून मी कणीक मळत होते. पण कणीक मळताना कोण पानं उलटतं.

अमावास्या सरली त्या सकाळी सासूबाईंनी सुक्या मासळीचं मडकं फडक्याने बांधून माळ्यावर चढवलं, मासळीचा तवा राखेने घासून पालथा घातला, आणि मी विळीवर बसल्या जागी गार पडले. श्रावण. पुरता महिना शिवराक, म्हणजे कांदालसूणही नाही. त्यात माझ्या तीन दिवसांत एक सोमवार, म्हणजे दिवसभर उपास.

नाक्यावरच्या टेलिफोन बूथवरून हॉटेलला फोन लावला. पैसे परत मिळणार नाहीत. तारीख पुढे ढकलता येईल, पण पुढे म्हणजे पाऊस संपल्यावर, मोसमाच्या दराने. शहाण्या बाईने तिथे कानाला खडा लावला असता. मी घरी येऊन जाहीर केलं की जायचं म्हणजे जायचं. पैसे गेले तर जेवणाचे जातील, माझी तीन दिवसांची सुट्टी मी सोडणार नाही.

सासूबाई यायला एका पायावर तयार. फक्त अट घातली, "येतां हांव. पूण थंयचें जेवचें ना. एकेच कुलेरीन सगळें ढवळटात." म्हणजे मासळीतला चमचा तसाच भाजीत. नवरा म्हणाला, आई जेवणार नाही तर मी कसा जेवू. हा मातृभक्तीचा झरा बाराही महिने कुठे आटलेला असतो, ते मी त्याला विचारलं नाही.

मग मला माझ्या आयुष्यातली सर्वांत चलाख कल्पना सुचली. माझं माहेर त्या हॉटेलपासून स्कूटरवर पंधरा मिनिटांवर. तिथे थोरल्या भावाची बायको, माझी वयनी, श्रावणात दोन्ही वेळा शिवराक रांधतेच आहे. त्यात आमच्या पाच माणसांचं टाकलं की झालं. हे "टाकलं की झालं" मी अगदी असंच म्हणाले, फोनवर, वयनीलाच. ती नुसतं "बरें" म्हणाली. त्या "बरें"चा अर्थ लावत बसायला मला फुरसत नव्हती. मला नवा गाऊन शिवून घ्यायचा होता.

सासूबाई आणि मुलं भाड्याच्या व्हॅनने, नवरा आणि मी स्कूटरवर, असे आम्ही शिवोलीची फेरीबोट ओलांडून पोचलो. पाऊस असा की समोरचा समुद्र नुसता ऐकू येत होता. किनाऱ्यावर लाल झेंडा, पाण्यात उतरायला बंदी. मुलांनी पहिल्याच तासाला कासवं कुठे आहेत म्हणून विचारलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ती थंडीत येतात. म्हणजे सगळं धरून जे मिळणार होतं, त्यातून कासव आणि समुद्र दोन्ही वजा.

जेवणघरात मासळीचं लांबलचक मेज मांडलेलं असे. नवरा रोज दुपारी हात पाठीमागे बांधून त्याला एक प्रदक्षिणा घालायचा, प्रत्येक भांड्यापुढची चिठ्ठी वाचायचा आणि खोलीवर येऊन आम्हाला सांगायचा, "आज चणक आसा." देवळात जाऊन आल्यासारखा चेहरा. मुलं आइस्क्रीम आणि तळलेल्या बटाट्यांवर जगली. श्रावणात आइस्क्रीम चालतं, असा निर्णय त्यांनी आपापसांत घेतला होता.

आणि मी? मी स्कूटरच्या मागच्या सीटवर. दुपारी आणि संध्याकाळी, रेनकोटाच्या आत पोटाशी पाच खणांचा डबा धरून, माहेर ते हॉटेल. हॉटेलच्या फाटकावर पाटी होती, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. पहिल्या दिवशी रखवालदाराने माझं फुगलेलं पोट बघून थांबवलं. सावंतवाडीकडचा, पन्नाशीचा माणूस. डबा उघडून दाखवावा लागला. त्याने खतखत्याचा, म्हणजे आमच्याकडच्या मिश्र भाजीचा, वास घेतला, झाकण स्वतःच्या हाताने बंद केलं आणि म्हणाला, "जावा बाई. माझोय श्रावण आसा." त्यानंतर तो आम्हाला सलाम ठोकायचा. एवढ्या मोठ्या हॉटेलात मला मान दिला तो त्याने एकट्याने.

खोलीत वर्तमानपत्रं अंथरून आम्ही जमिनीवर जेवायचो. डबा घासायला साबण नाही, म्हणून न्हाणीघरातल्या इवल्याशा बाटलीतल्या शांपूने मी तो वॉश-बेसिनमध्ये घासला. दुसऱ्या दिवशी सोलकढीला गुलाबाचा वास आला. सासूबाई मात्र मजेत होत्या. जनेलापाशी खुर्ची ओढून दिवसभर पावसाकडे बघत बसायच्या, आणि जेवताना म्हणायच्या, "हिच्या अळसांद्यांच्या तोंडाकाक चव आसा." हिच्या म्हणजे वयनीच्या, आणि अळसांद्यांचं तोंडाक म्हणजे चवळीची रस्सा-उसळ. चौदा वर्षं माझ्या हातचं खाऊन हे ऐकवायला त्यांना समुद्रकिनारा लागला.

सोमवारी वयनीचाही उपास होता. तरी मुलांसाठी दुपारचं आणि आम्हा सगळ्यांसाठी उपास सोडायचं, असं दोनदा तिने रांधलं. मी गेले तेव्हा ती खोवणीवर वाकून खोबरं खोवत होती, मधूनमधून एक हात कमरेवर दाबत. केस सुटलेले, कपाळावरचं कुंकू घामाने पसरलेलं. मी दारात उभी, अंगात नवा गाऊन, वर रेनकोट. आणि मी तिला म्हणाले, "कितली गो हौस तुका रांदपाची." कौतुक म्हणून म्हणाले हो. त्या वेळच्या मला आता कुणी समोर आणून उभं केलं, तर मी त्या गाऊनवालीच्या हातात ती खोवणी देऊन दार बाहेरून लावून घेईन.

तिने डबा भरून दिला, वरच्या खणात मुलांसाठी पातोळ्या घातल्या.

मंगळवारी परतताना डबा परत द्यायला मी माहेरी थांबले. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आत हॉटेलचे उरलेले साबण आणि शांपूच्या दोन बाटल्या घातल्या होत्या. भेट म्हणून. वर तक्रारीही मीच केल्या. समुद्र बंद, कासव नाही, मासळी नुसती बघायची, स्कूटरवर हाडं खिळखिळी झाली, आणि जी विश्रांती घ्यायला गेले, तीच तेवढी मिळाली नाही.

वयनीने डबा उघडला. एक साबण हातात घेऊन उलटसुलट बघितला, वास घेतला आणि पुन्हा डब्यात ठेवला. मग पदराला हात पुसत, आवाज जराही न चढवता म्हणाली:

"बाय, फुडल्या वर्सा तू हांगा येवन चुलीकडे बस, आनी माका थंय धाड. उपास आसलो तरी चलतलां. माका जेवण नाका, माका फकत बसूंक जाय."