स्विचरूममध्ये शिरलेलं पाणी

स्विचरूमचं दार उघडलं आणि अनवाणी पाय पाण्यात पडला. घोटाभर पाणी, तेही त्या दुष्काळात!

लातूर जिल्हा नवा झालेला. मी त्यातल्या एका लहान टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होतो. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून गावात सगळेच तोट्या उघड्या ठेवत. आमच्या इनचार्ज साहेबांची तर सक्त ताकीद होती, "तोटी बंद करायची नाही." ऑफिसच्या मोरीतल्या ड्रममधूनच त्यांच्या क्वार्टरचं पाणी भरलं जायचं. त्या रात्री पाणी आलं, ड्रम भरून वाहिला. मोरीचं तोंड धुळीनं बुजलेलं, मग पाणी शेजारच्या स्विचरूममध्ये, एक्स्चेंजच्या मशीनच्या खोलीत, शिरलं.

आधी मेन स्विच बंद केला. मशीनमधले रिले, म्हणजे फोन जोडणारे छोटे विजेचे चुंबक, दमट झाले की एकाचा फोन दुसऱ्यालाच लागतो.

"संध्याकाळपर्यंत चालू करा. कलेक्टर दौऱ्यावर आहेत," साहेब म्हणाले. "हीटर लावा."

"हीटरनं रिलेच्या कॉइल जळतील. फॅन आणि बल्ब लावतो. उद्या होईल."

साहेब चरफडत गेले.

कौसाबाई रोजंदारीवर झाडायला होती. फडक्यानं पाणी टिपून बादलीत पिळत होती. पाणी गढूळ, काळपट. मी म्हटलं, "गटारात ओता."

"फेकू नका वो साहेब. सडा-सारवणाला व्हईल. घरी नेऊ का?"

"न्या की."

डोक्यावर बादली घेऊन ती भीमनगरला दोन-तीन खेपा करून आली. खिडक्या उघडून मी त्यांना कोरड्या चादरी बांधल्या, म्हणजे वारा येईल, धूळ येणार नाही. आमच्याकडची हवा एवढी कोरडी, की दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन सुरू झालं. एकही रिले गेला नाही. मी खूश होतो.

मग वरून विचारणा झाली, एक्स्चेंज बंद का पडलं? तोटी उघडी ठेवायचा हुकूम साहेबांचाच, त्यामुळे तोटीचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांनी कळवलं, झाडणाऱ्या बाईनं हलगर्जी केली, शिवाय टंचाईत ऑफिसचं पाणी परस्पर घरी नेलं.

मी तडक केबिनमध्ये गेलो. "पाणी मी नेऊ दिलं. फरशीवरचं होतं ते!"

"मग लिहून द्या."

दिलं लिहून. मला मेमो मिळाला. कौसाबाईचं काम गेलं ते गेलंच.

तिच्याकडं राहिलेली ऑफिसची बादली परत द्यायला ती आली. ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "पानी कुठून वापस देऊ साहेब? जमिनीत मुरलं की."

मला तोंड वर करून बघवेना. साहेबांचा आलेला राग अजून गेलेला नाही.

पुढं कितीतरी नव्या पोरांना मी ओली खोली वाळवायला शिकवलं. हीटर लावू नका, वारा खेळू द्या. आणि पुसलेलं पाणी गटारातच ओता. कुणा गरिबाच्या उपयोगी पडलं, की ते लगेच सरकारी होतं.